ताकासागो-बेया : हाकललेल्या पैलवानाने उभी केलेली तालीम

धागाकर्ता : उंबरझाड

नोव्हेंबर १८७३. टोक्योच्या सुमो हंगामाची 'बांझुके' बाहेर आली. बांझुके म्हणजे पैलवानांची मानाच्या क्रमाने लावलेली छापील यादी. ती आधीच छापून तयार होती, म्हणून नको झालेली नावं काढता येईनात. मग त्यांच्यावर सरळ काळी शाई फासली. त्यातलं एक नाव होतं ताकासागो उरागोरो.

त्याने मागितला होता हिशोब. १८७१ मध्ये जपानमधली संस्थानं खालसा झाली आणि सरदारांच्या पदरी असलेले पैलवान एका फटक्यात उघड्यावर आले. उरागोरो हा हिमेजीच्या साकाई घराण्याचा पैलवान. राजाश्रय गेल्यावर उरला तिकिटाचा गल्ला, आणि तो मूठभर ज्येष्ठांच्या मुठीत. खालच्या पैलवानांना काय मिळतं, कोण ठरवतं, याला काही धरबंधच नव्हता. उरागोरोने सुधारणा मागितल्या, तर तो दौऱ्यावर असतानाच मंडळींनी त्याला काढून टाकलं.

तो रडत बसला नाही. सोबत्यांना घेऊन त्याने 'काइसेइ-गुमी' नावाचा फड काढला (मराठीत 'सुधारणा मंडळी' म्हणू), नागोयात मुक्काम टाकला आणि गावोगाव कुस्त्या लावल्या. १८७८ मध्ये टोक्योच्या पोलिसांनी सुमोसाठी परवाने आणि नियमावली आणली. शहरात दोन-दोन फड चालणं अवघड झालं, मग समेट झाला. उरागोरो टोक्योला परतला, आणि तेच साल ताकासागो तालमीच्या स्थापनेचं मानलं जातं. (एकट्याने म्हणताना 'हेया', नावाला जोडून आलं की 'बेया'. मी इथे तालीमच म्हणणार आहे.)

इथवर गोष्ट सिनेमात शोभेल अशी. पण पुढे हाच बंडखोर संघटनेचा कारभारी झाला आणि असा काही माजला की १८९६ मध्ये पैलवानांनी त्याच्याविरुद्ध बंड केलं. र्‍योगोकू भागातल्या नाकामुरा-रो नावाच्या उपाहारगृहात ते जमले आणि याच्या मनमानीखाली आम्ही लढणार नाही म्हणून अडून बसले. हिशोब मागणाऱ्याकडे हिशोब मागायची वेळ आली. त्यानंतर त्याची सद्दी संपली, १९०० मध्ये तो वारला. तालमीच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

वस्ताद म्हणून मात्र त्याचा हात धरणारा विरळा. सतसुमाचा निशिनोउमी क्योतोच्या सुमोतून येऊन त्याच्या तालमीत दाखल झाला आणि १६ वा योकोझुना (सुमोतला सर्वोच्च मान) झाला. १८९० च्या बांझुकेवर 'योकोझुना' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो याच्यासाठी. तोवर योकोझुना हा मानाचा किताब होता, यादीतली सर्वोच्च पायरी ओझेकीचीच. मांडणीत आपलं नाव चौकटीबाहेर पडतंय म्हणून निशिनोउमी नाराज झाला, त्याची समजूत काढायला नावावर तो शब्द घातला आणि तो पुढे कायमचा पद होऊन बसला. पाठोपाठ १८९६ मध्ये याच तालमीचा कोनिशिकी १७ वा योकोझुना झाला. हे नाव लक्षात ठेवा.

मधली काही दशकं सोडून देतो आणि माझ्या आवडत्या माणसाकडे येतो.

माएदायामा, ३९ वा योकोझुना, एहिमे प्रांतातला. उमेदवारीत त्याच्या दंडात असा संसर्ग झाला की कारकीर्द संपल्यात जमा होती. ज्या शल्यचिकित्सकाने हात वाचवला त्याचं आडनाव माएदा. पठ्ठ्याने तेच नाव घेऊन आखाड्यात पाऊल टाकलं! १९४७ मध्ये तो योकोझुना झाला तेव्हा वय तेहतीस. योकोझुना म्हणून त्याची कामगिरी २४ विजय, २७ पराभव आणि २५ गैरहजेऱ्या. म्हणजे कागदावर पाहिलं तर सुमार.

ऑक्टोबर १९४९ ची ओसाकाची स्पर्धा. पहिल्या दिवशी जिंकला, मग सलग हरत गेला, आणि आजारपणाचं कारण देऊन स्पर्धा सोडून टोक्योला आला. तेव्हा अमेरिकेचा सॅन फ्रान्सिस्को सील्स हा बेसबॉल संघ जपान दौऱ्यावर होता. माएदायामा गेला सामना बघायला, कोराकुएन मैदानावर. संघाचा व्यवस्थापक लेफ्टी ओडूल याच्याशी हस्तांदोलन करतानाचा त्याचा फोटो वर्तमानपत्रात झळकला. योकोझुना आजारी म्हणून रजेवर आणि बेसबॉलच्या मैदानावर हसतोय! संघटनेने त्याला निवृत्त व्हायला लावलं.

सुमोतून गेला असता तर गोष्ट संपली असती. पण निवृत्त पैलवान ज्येष्ठाचं नाव घेऊन संघटनेत राहू शकतो, तसा तो चौथा 'ताकासागो' म्हणून तालीम चालवू लागला. अमेरिकनांविषयीचं त्याचं कुतूहल काही गेलं नाही. १९५१ मध्ये तो काही पैलवान घेऊन अमेरिकेला जाऊन आला. फेब्रुवारी १९६४ मध्ये हवाईला गेला आणि मावी बेटावरच्या जेसी कुहाउलुआ नावाच्या एकोणीस वर्षांच्या धिप्पाड पोराला टोक्योला घेऊन आला.

या पोराला कुठलं नाव दिलं? ताकामियामा. तालमीचा संस्थापक उरागोरो हा ताकासागो होण्याआधी याच नावाने लढायचा. ज्या काळात परदेशी माणूस आखाड्यात बघून लोक अवघडत होते, त्या काळात वस्तादाने आपल्या मूळपुरुषाचं नाव हवाईच्या पोराच्या गळ्यात घातलं. पुढे १९८२ मध्ये हवाईतूनच सालेवा आतिसानोए आला, त्याला मिळालं कोनिशिकी. १७ व्या योकोझुनाचं.

ताकामियामाने जुलै १९७२ मध्ये नागोयाची स्पर्धा १३-२ ने जिंकली. विजेतेपद मिळवणारा पहिला परदेशी. अध्यक्ष निक्सन यांचं अभिनंदनाचं पत्र अमेरिकेच्या राजदूताने आखाड्यातच वाचून दाखवलं. ज्या वस्तादाने आणलं त्याला मात्र हे बघता आलं नाही. तो १९७१ मध्येच गेला होता.

याच तालमीचा मंगोलियन योकोझुना आसाशोर्यू, त्याच्याबद्दल मुद्दाम लिहीत नाही, प्रतिसादांत तो येणारच.

---

चावडीवरचा :
मस्त! लहानपणी ट्रम्प कार्डांत 'योकोझुना' नावाचा पैलवान असायचा, वजनात सगळ्यांना खायचा. तो याच तालमीचा का?

उंबरझाड :
नाही हो. तो अमेरिकन फ्री स्टाइलवाला, सामोअन वंशाचा, सुमोशी त्याचा संबंध पोशाखापुरता. आखाड्यातून तिकडे गेलेला खरा माणूस हवा असेल तर याच तालमीत सापडेल. आझुमाफुजी, ४० वा योकोझुना, टोक्योत जन्मलेला पहिला. १९५४ मध्ये निवृत्त झाला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत उतरला.

हलगी :
आमच्या कोल्हापूरकडच्या माणसाला पहिला प्रश्न पडणार तो असा : तालमीचा खर्च कोण करतं? आणि पोरगं वस्तादावर नाराज झालं तर दुसऱ्या तालमीत जाऊ शकतं का? आमच्याकडे आज इथे, उद्या तिथे, हे चालतं.

उंबरझाड :
@हलगी, हाच मोठा फरक. तिथे तालीम बदलता येत नाही. ज्या दारातून आत गेलात त्याच दारातून निवृत्त होऊन बाहेर. अपवाद एकच, तालीम बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तर. खर्चासाठी संघटना प्रत्येक पैलवानामागे तालमीला पैसे देते, शिवाय आश्रयदात्यांची मंडळं असतात. वस्तादाला 'ओयाकाता' म्हणतात, आणि तो वस्ताद, घरमालक आणि पालक असं तिन्ही एकदम असतो. पोरं तिथेच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात.

सुमिदाकाठ :
टोक्योत राहतो, त्यामुळे थोडी भर घालतो. ताकासागो तालीम सुमिदा भागात आहे, सुमोचं मोठं सभागृह कोकुगिकानही त्याच भागात. सकाळी सराव उपाशीपोटी. खालच्या दर्जाची पोरं आधी आखाड्यात उतरतात, वरचे पैलवान मागाहून येतात. जेवताना उलट. वरचे आधी बसतात, आणि पोरं वाढायला उभी. चांकोच्या (पैलवानांच्या रश्श्याच्या जेवणाच्या) भांड्यात शेवटी जे उरेल ते सगळ्यात धाकट्याचं.

पगाराचं ऐकलंत तर अजून चकित व्हाल. सहा श्रेणी आहेत, त्यातल्या फक्त वरच्या दोनांना पगार. त्यांना सेकितोरी म्हणतात. सरावाला पांढरा लंगोट सेकितोरीचा, काळा बाकीच्यांचा, त्यामुळे दारातून डोकावलं तरी कळतं कोण कमावतंय. खालचे सेकितोरीची सेवा करतात, पाठ चोळण्यापासून सामान वाहण्यापर्यंत.

आता ताकासागोचं. जानेवारी २०१७ मध्ये आसासेकिर्यू खालच्या श्रेणीत घसरला आणि या तालमीत एकही सेकितोरी उरला नाही. १८७८ नंतर पहिल्यांदाच! मार्चमध्ये आसानोयामा वर चढला म्हणून बरं. मे २०१९ मध्ये त्याने विजेतेपद घेतलं आणि करंडक द्यायला ट्रम्प आखाड्यात चढले. निक्सन यांचं पत्र आलं होतं, इथे अध्यक्ष स्वतःच.

शंकासुर :
लेख रंगतदार आहे, पण 'संस्थापकाचं नाव परदेशी पोराला दिलं' यावर एवढं भारावून जायचं कारण दिसत नाही. जपानी होतकरू पोरं मोठ्या तालमींकडे जात असतील, तर उरलेल्या वस्तादाने बाहेर बघायचं हा साधा व्यवहार झाला. आणि नाव दिलं म्हणून मान दिला असं होत नाही. कोनिशिकीचं १९९२ मध्ये काय झालं ते लिहा की. नोव्हेंबर १९९१ आणि मार्च १९९२, तीन स्पर्धांत दोन विजेतेपदं, १९८९ चं धरून एकूण तीन. तरी योकोझुना केलं नाही. एका अमेरिकन वर्तमानपत्रात त्याच्या तोंडी वर्णद्वेषाचा आरोप छापून आल्यावर केवढा गदारोळ झाला. आणि तुमचे लाडके माएदायामा? कारकिर्दीत एकच विजेतेपद, १९४४ चं. ते योकोझुना! त्याच तालमीतले दोघे.

उंबरझाड :
@शंकासुर, ही तुलना करावी अशीच आहे, मला सुचली नव्हती. पण एक बाजू राहिली. योकोझुनाचे निकष १९५० नंतर कडक झाले. तेव्हा एकाच स्पर्धेत तीन योकोझुना माघारी गेले, लोक चिडले, आणि बाहेरच्या मान्यवरांची सल्लागार समिती नेमली गेली. कोनिशिकीला सलग दोन विजेतेपदांच्या फूटपट्टीने मोजलं, माएदायामाच्या वेळी ती पट्टी तशी नव्हती. फूटपट्टी सगळ्यांना सारखी लावली का, यावर वाद घालायला जागा आहे. कोनिशिकीच्या काही वर्षं आधी फुताहागुरोला एकही विजेतेपद नसताना योकोझुना केलं होतं, आणि १९८७ च्या अखेरीस त्याने वस्तादाशी भांडून सुमोच सोडलं, त्यानंतर मंडळी फारच सावध झाली. कोनिशिकी त्या सावधपणात सापडला असं माझं मत.

व्यवहाराचं म्हणाल तर मान्य. पण व्यवहार करायला माणूस आणला तर त्याला साधं नाव देऊन भागलं असतं.

शंकासुर :
नाव द्यायला खर्च येत नाही, एवढंच म्हणेन. :)

सुमिदाकाठ :
दोघांच्या मधलं सांगतो. पुढे दारं संघटनेनेच आवळली. १९९२ पासून काही वर्षं नवे परदेशी घेणं जवळजवळ थांबवलं, मग मर्यादा घातली, २००२ पासून एका तालमीत एकच परदेशी. पळवाट म्हणून काही जण जपानी नागरिकत्व घ्यायचे आणि जागा मोकळी व्हायची. २०१० मध्ये तीही बुजवली, आता जन्माने परदेशी तो परदेशीच. ताकासागोने हवाईची वाट उघडली, आणि त्या वाटेवर इतके आले की कुंपण घालावं लागलं.

हलगी :
आणि निवृत्तीनंतर परदेशी माणूस वस्ताद होऊ शकतो का?

सुमिदाकाठ :
नागरिकत्व घेतलं तरच, १९७६ पासून तसा नियम आहे. ताकामियामाने १९८० मध्ये घेतलं, १९८४ मध्ये चाळिशीला टेकून निवृत्त झाला, १९८६ मध्ये आझुमाझेकी ही स्वतःची तालीम काढली. तिथून आकेबोनो निघाला, जानेवारी १९९३ च्या स्पर्धेनंतर पहिला परदेशी योकोझुना. म्हणजे कोनिशिकीला नाकारल्यावर जेमतेम वर्षभरात. ती तालीम २०२१ मध्ये बंद झाली, पोरं हाक्काकु तालमीत गेली.

बेरकी_बाळू :
सगळे सभ्य बोलताहेत म्हणून मीच विषय काढतो. आसाशोर्यू! सुमो बघायला लागलो तो याच माणसामुळे. २५ विजेतेपदं, २००५ मध्ये वर्षातल्या सहाच्या सहा स्पर्धा खिशात, हे आधी कुणीही केलं नव्हतं. बाकी लोक त्याच्या वागण्याचं रडगाणं गात बसले.

निरुपमाची_आई :
रडगाणं? २००३ मध्ये नागोयात प्रतिस्पर्ध्याची शेंडी ओढली म्हणून बाद झाला, योकोझुना असा बाद होण्याची ती पहिली वेळ. २००७ मध्ये दुखापत सांगून उन्हाळी दौरा टाळला आणि मंगोलियात फुटबॉल खेळताना चित्रफितीत दिसला. दोन स्पर्धांची बंदी झाली. योकोझुना ही जबाबदारीची जागा आहे हो.

उंबरझाड :
@निरुपमाची_आई, आजारी रजा आणि मैदानावर हजर! १९४९ ची गोष्टच पुन्हा झाली, फक्त बेसबॉलच्या जागी फुटबॉल. तालमीचं पाणीच तसं असावं.

पण आसाशोर्यू मुळात ताकासागोचा नव्हे. तो जानेवारी १९९९ मध्ये पहिल्यांदा लढला तो वाकामात्सु तालमीतून. तिचा ओयाकाता हा ताकासागोचाच जुना ओझेकी, चौथा आसाशियो. फेब्रुवारी २००२ मध्ये दोन्ही तालमी एक झाल्या, या वाकामात्सुने ताकासागोचं नाव आणि गादी घेतली, आणि आसाशोर्यू आयता घरात आला. २००३ मध्ये तो ६८ वा योकोझुना झाला. त्याआधीचा या तालमीचा योकोझुना १९५९ मधला, तिसरा आसाशियो, तोकुनोशिमा बेटावर वाढलेला. ते बेट तेव्हा अमेरिकनांच्या ताब्यात होतं म्हणून बांझुकेवर त्याचं गाव ह्योगो प्रांत दाखवायचे. त्यालाही एका अर्थी परदेशीच धरायचं का, हे शंकासुरांनी ठरवावं.

बेरकी_बाळू :
वागणूक वागणूक करताना एक विसरता. नोव्हेंबर २००३ मध्ये मुसाशिमारू निवृत्त झाला तेव्हापासून २००७ मध्ये हाकुहो येईपर्यंत हा एकटाच योकोझुना होता. तेवढी वर्षं सगळा डोलारा एकट्याच्या खांद्यावर. आणि जानेवारी २०१० ला २५ वं विजेतेपद जिंकून पुढच्याच महिन्यात त्याला जावं लागलं.

निरुपमाची_आई :
स्पर्धा चालू असताना रात्री दारू पिऊन बाहेर मारामारी केल्याच्या बातम्या आल्या होत्या म्हणून जावं लागलं. तेही लिहा. मला राग त्याच्यापेक्षा त्याच्या वस्तादाचा येतो. पोराला आवरणं हे ओयाकाताचं काम, आणि तो प्रत्येक वेळी पत्रकारांसमोर गोंधळून उभा.

सुमिदाकाठ :
इथे ताईंशी सहमत. तो वस्ताद स्वभावाने दिलखुलास, लोकांना फार आवडायचा, पण धाक शून्य. २०२० च्या अखेरीस वयोमर्यादेने तालीम आसासेकिर्यूकडे सोपवली. मग २०२१ मध्ये आसानोयामा, तेव्हा ओझेकी, करोनाचे निर्बंध मोडून बाहेर फिरताना सापडला आणि त्याला सहा स्पर्धांची बंदी झाली. चौकशीत निघालं की हे माजी वस्तादही त्याला घेऊन बाहेर जेवायला गेले होते. त्यांना संघटना सोडावी लागली. २०२३ मध्ये ते वारले. आसानोयामा ओझेकीवरून घसरत चौथ्या श्रेणीत गेला. जुलै २०२२ मध्ये परतला तो सगळ्या सात कुस्त्या जिंकूनच. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा सर्वोच्च श्रेणीत.

मीठभाकर :
सगळं पुरुषांचंच चाललंय. इतकी पोरं एका घरात राहतात म्हणजे त्यांचं आजारपण, घरची आठवण, पैसे हे बघणारी कुणीतरी बाई असणारच ना?

सुमिदाकाठ :
असते, ओयाकाताची बायको. तिला 'ओकामिसान' म्हणतात. आश्रयदात्यांशी संबंध, हिशोब, पोरांच्या आईवडिलांना फोन, दवाखाना, सगळं तिच्याकडे. नवीन पोर भरती करताना बऱ्याच आया वस्तादापेक्षा तिच्याकडे बघून होकार देतात.

मीठभाकर :
आणि आखाड्यात पाय ठेवायची परवानगी?

सुमिदाकाठ :
नाही. दोह्यो, म्हणजे आखाडा, बायकांना निषिद्ध. १९९० मध्ये मंत्रिमंडळाच्या मुख्य सचिव मायुमी मोरियामा यांना पंतप्रधानांचा करंडक द्यायचा होता, नकार मिळाला. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरूला प्रदर्शनी कुस्त्यांच्या वेळी तिथले महापौर भाषण करताना आखाड्यातच कोसळले. काही बायका धावत वर चढल्या आणि छाती दाबून जीव वाचवू लागल्या, तर ध्वनिवर्धकावरून सूचना होत राहिली : बायकांनी आखाड्यातून उतरावं. संघटनेच्या अध्यक्षांना नंतर माफी मागावी लागली. ते अध्यक्ष म्हणजे हाक्काकु, माजी योकोझुना होकुतोउमी. आणि त्यांची तालीम ताकासागो गटातलीच.

मीठभाकर :
म्हणजे हिशोब ओकामिसानने ठेवायचा आणि वर चढायचं नाही. उरागोरोने मागितलेला हिशोब तिला तरी विचारायला हवा होता.

हलगी :
@सुमिदाकाठ, डिसेंबरात टोक्योला येणार आहे. सराव बघायला मिळेल का?

सुमिदाकाठ :
काही तालमी येऊ देतात, काही नाही, त्यामुळे आधी विचारूनच जा. आणि डिसेंबर घाईचा असतो. नोव्हेंबरच्या स्पर्धेला पैलवान फुकुओकाला असतात, मग दौरा. जानेवारीची स्पर्धा टोक्योत, त्याआधीचे थोडे दिवस बरे. आत गेलात तर मांडी घालून बसा, आखाड्याकडे पाय पसरायचे नाहीत, बोलायचं नाही, फोन बंद. आणि कुणी ढाक लावली तर तोंडातून 'वा पठ्ठे' निघू देऊ नका, तेवढं कोल्हापूरकराला जमेल का बघा.